आत्यांच्या हातचा रस्सा

आत्या, मागच्या बुधवारी तुमचा लेक माझ्या खाणावळीत येऊन जेवला. एकटाच आला. दारात चपला काढल्या, कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसला आणि मला म्हणाला, "वाढ." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, त्याच्याही आधीपासून मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. उजवी बाजू तुम्ही केली होती तशीच आहे, हनुवटीपासून कानापर्यंत ओढलेली, तिथं दाढी उगवत नाही. बाकीची दाढी पांढरी झाली आहे. मी ताट वाढलं. पुढं जे झालं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगून कळायचं नाही, म्हणून लिहायला बसले. पण तेवढंच सांगितलं तर अर्धवट होईल. पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊक असलेलंही सांगते, कारण आपण दोघी त्याबद्दल कधी धड बोललोच नाही.

तुमच्या लेकाशी लग्न होऊन निमगावच्या पलीकडं तुमच्या वस्तीवर आले तेव्हा मला स्वयंपाक येतो असं मी समजत होते. माझं माहेर बारामतीकडचं, पाटाच्या पाण्याखालचं. आमच्यात हुलगा बैलाला घालायचे. तुमच्यात हुलगा म्हणजे जेवण. दिवसभर भाजीच्या वाफ्यांत वाकून आल्यावर तुम्ही परातीत हुलग्याचं पीठ घ्यायच्या, लसूण, जिरं, हिरवी मिरची वाटून त्यात घालायच्या, घट्ट मळायच्या आणि तळहाताला तेलाचं बोट लावून शेंगोळी वळायला बसायच्या. बोटाएवढी वळी, टोकाला टोक जुळवून कडं. मी बघून बघून शिकले आणि एका संध्याकाळी तुमच्या आधी चुलीशी जाऊन बसले. फोडणीच्या पाण्याला नुसते बुडबुडे यायला लागले होते. मी पहिलं कडं सोडलं, आणि मनगटावर काय बसलं ते मला आधी कळलंच नाही. उलथनं होतं. "खळाखळा उकळल्याबिगर सोडू नगं! फुटून पिठलं हुईल त्याचं." मी रडत होते आणि तुम्ही माझ्या हातातली वळी काढून घेऊन उकळीची वाट बघत होता. उकळी आली, तुम्ही एकेक सोडत गेलात, एकही फुटलं नाही. सुजलेल्या मनगटानं मी वाटी पुन्हा पुढं केली. इतकं चांगलं मी माहेरी कधी खाल्लं नव्हतं आणि त्याचाच मला फार राग आला.

तुम्ही असंच शिकवलंत. भाकरीचा पापुद्रा सुटला नाही की पाठीत धपाटा, खोबरं जास्त भाजलं की कानशिलात. पण येसूराचा, रश्शाला दाटपणा आणायच्या भाजक्या पिठाचा, दिवस वेगळा होता. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र नाही, कारण प्रत्येकाची करपायची वेळ वेगळी. मी धने कढईत टाकून दारात आलेल्या भांडेवालीशी बोलत उभी राहिले. परत आले तेव्हा धूर होता. कढईतलं तापलेलं उलथनं उचललंत आणि माझ्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली टेकवलंत. चोळीचं कापड कातड्याला चिकटलं. मी ओरडले तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता वास ध्यानात ऱ्हाईल." राहिला, आत्या. करपायच्या अगदी आधी धन्याचा वास किंचित गोड होतो, तो मला आज गाढ झोपेतही कळेल. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर तुम्हीच लोणी लावलंत, आणि लावता लावता सांगत होता की येसूर आधी गार पाण्यात कालवावा, मग रश्शात सोडावा, नाहीतर गुठळ्या होतात. मी पालथी पडून ऐकत होते. तुमचं बोट थंड होतं.

तुमचा मार शिकवायचा आहे अशी मी मनाची समजूत घालायचे. तुमच्या लेकाचा मार कशाचा होता ते मला कधी सांगता आलं नाही. हंगामात तो ट्रॅक्टरवर सोमेश्वरनगरकडं ऊस वाहायचा. हंगाम सरला की घरी. घरी म्हणजे पिऊन. मी शेतातून उशिरा आले, लवकर आले, हसले, गप्प राहिले, काहीही चालायचं त्याला. केस धरून ओढायचा, खाली पाडून लाथा घालायचा. आणि तो सुरू झाला की तुम्ही परात ओढून भाकरी थापायला लागायच्या. थप, थप, थप. माझ्या कानात दोन्ही आवाज एकदम यायचे. तो दमून बाहेर गेला की तुम्ही गरम भाकरी माझ्यापुढं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "खा. उपाशी राहून अंग भरून यत न्हाय." एकदा मी भाकरी तुमच्या अंगावर भिरकावली होती. तुम्ही ती उचललीत, झटकलीत आणि पुन्हा माझ्यापुढं ठेवलीत.

मग तो रविवार. मटण आणलं होतं. तुम्ही ते हळद-मीठ लावून अळणी, म्हणजे बिनतिखटाचं, शिजवलंत, कांदा आणि खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर भाजून पाट्यावर वाटायला मला दिलीत. माझी मुलगी, तेव्हा नुकती बोलायला लागलेली, अळणीच्या वाटीसाठी चुलीजवळ बसून आहे. वाटण तेलात परतून तेल सुटलं, काळं तिखट पडलं, आधणाचं पाणी पडलं, येसूर कालवून पडला. पातेलं रटरटतं आहे, वर तांबडा कट आला आहे. तेवढ्यात तो दारात उभा. सकाळी भाजी न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याशी मी हसले होते, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. मी हसले होते का ते मला खरंच आठवत नाही. भिंतीला उसाचा कोयता टांगलेला असायचा. तो त्यानं काढला.

पहिला वार मी हातावर घेतला. दुखलं नाही, नुसता गार वारा लागल्यासारखं वाटलं आणि मग हाड दिसलं, पांढरं. पोरगी किंचाळली. त्यानं पुन्हा कोयता उचलला. मी खाली बसले होते, मला त्याचे पाय दिसत होते आणि तुमचे. तुमचे पाय चुलीकडून आले. तुम्ही पदराचे दोन बोळे करून पातेलं उचललं होतं. शिवी नाही, हाक नाही. ते सगळंच्या सगळं त्याच्या तोंडावर गेलं.

तो कसा ओरडला ते लिहीत नाही. कोयता माझ्या पायाशी पडला. मटणाचे तुकडे त्याच्या सदऱ्याला चिकटले होते, गळ्याजवळ चामडी ओल्या कागदासारखी सरकत होती. तुम्ही त्याला दंडाला धरून बाहेर हौदापाशी नेलंत आणि बादलीमागून बादली ओतत राहिलात. "बस. हलू नगस. हात लावू नगस तोंडाला." जसं काही तो शेतात पडून खरचटून आलेला लहान मुलगा होता. मग आत येऊन माझ्या हातावर फडकं आवळलंत, कोयता धुतलात, पुसलात आणि खिळ्याला परत टांगलात.

इंदापूरच्या दवाखान्यात तुम्हीच बोललात. "रस्सा उतरताना पातेलं कलंडलं, आन् घाबरून ही इळीवर पडली." डॉक्टरांनी आपल्या तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. तुमचे दोन्ही तळहात फोडांनी भरले होते. त्यांनी त्याला विचारलं, "खरं का?" त्यानं मान हलवली. आईनं जाळलं हे त्याला सांगायचं नव्हतं. मीही हलवली. तुम्ही त्याला जाळलंत आणि त्याच दुपारी त्याला वाचवलंत, हे मला तेव्हाच कळलं होतं. तेव्हा राग यायलाही अंगात रक्त नव्हतं.

त्याचे ओठ सुजून बंद झाले होते. तुम्ही रोज घरून माडगं करून न्यायच्या. हुलगा भाजून दळलेलं पीठ, गुळाचं पाणी, सुंठ, थोडं दूध, गुठळी होऊ न देता पातळ. मी शेजारच्या खाटेवर हात बांधून पडले होते, मी बघितलं आहे. पहिला चमचा तुम्ही त्याच्या तोंडाशी नेलात, त्यानं तो तुमच्या तोंडावर थुंकला. तुम्ही पदरानं तोंड पुसलंत आणि दुसरा चमचा भरलात. त्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणालात, पण मला ऐकू आलं. "खा. बरा हो. आन् घराकडं येऊ नगस. घरी चुलीवर आधण कायम असतं."

त्यानं खाल्लं. बरा झाला. घरी आला नाही. तिकडंच ट्रॅक्टरवर राहिला, दुसरी बाई केली असं कानावर आलं. त्यानंतर तुम्ही मला कधी हात लावला नाहीत. रस्साही तुम्ही पुन्हा केला नाहीत, उंबऱ्यावर बसून वासावरून मला सांगायच्या, "आता तिखट टाक. थांब. आता." गावातल्या बाया तुमच्या माघारी म्हणायच्या, पोटच्या पोराला भाजणारी ही कसली आई. तुमच्या कानावर जात असणार. एकदा शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा मी धीर करून विचारलं, इतकी वर्षं बघत बसलात आणि त्याच दिवशी का उठलात. तुम्ही शेंगा फोडत राहिलात. मग म्हणालात, "मला ह्याचा बाप मारायचा तवा माजी सासू भाकरी थापायची. मीबी थापत बसायचे. त्या दिशी पीठ संपलं व्हतं. हात मोकळं व्हतं." मला वाटलं तुम्ही पुढं हसाल किंवा रडाल. तुम्ही टरफलं सुपात भरलीत आणि उठलात.

तुम्ही गेल्यावर तो अग्नीला आला नाही. मी पोरीला घेऊन लोणी देवकरला आले. इथं कारखान्यांत लांबलांबची पोरं कामाला आहेत, लातूरची, बीडची, बिहारची. त्यांना जेवण लागतं. डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, तरी भाकरी येते. बुधवारी आणि रविवारी मटण असतं, सोमवारी शेंगोळी. बिहारची पोरंसुद्धा शेंगोळी मागून घेतात. पोरीचं लग्न झालं, ती बारामतीला असते. फोनवर विचारते, "आई, येसूर किती चमचे घालू?" मी म्हणते, चमच्यानं नसतं गं ते, पळी वर धरून बघ, धार जाड पडायला लागली की थांब. ती चिडते. चिडली तरी तिच्या अंगावर कुणी धावून जात नाही. फोन ठेवला की मला बरं वाटतं.

दिवाळीनंतर एक बाई आली. माझ्याहून बरीच लहान. पोरं जेवून जाईपर्यंत दाराशी उभी राहिली, मग म्हणाली, "ताई, तुमी त्यांच्या पयल्या का?" मला लगेच कळलं. ती म्हणाली, "त्यास्नी आईच्या हातचा रस्सा पायजे. मला जमंना. तुमी शिकवाल का?" बोलताना पदर मनगटावर ओढून घेत होती. मी पदर बाजूला केला. पाच बोटं उमटली होती, काळीनिळी. तिला हाकलावं असं एकदा मनात आलं. मग मी पाट सरकवला.

निमगावच्या बाजाराचं निमित्त करून ती यायची. मी तिला सगळं शिकवलं, आत्या. धन्याचा गोड वास, खोबऱ्याचा रंग, येसूर गार पाण्यात. न मारता शिकवलं. तिचे धने करपले तेव्हा कढई उतरवून ओतून दिले आणि म्हणाले, परत घे. तीन बाजार ती आली, मग एक चुकला. पुढच्या खेपेला आली ती ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला. हातात कपड्यांची पिशवी होती. मी विचारलं, "जमला न्हाय का?" म्हणाली, "जमला की ताई. लई जमला. वाटी पुसून खाल्ला त्यांनी. मग म्हनले, ही चव तुला कुणी सांगितली? त्या रांडंकडं जातीस व्हय? आन् मारलं." रस्सा बिघडला तरी मार आणि साधला तरी मार. मी तिच्या हातातली पिशवी घेऊन आत ठेवली. ती तेव्हापासून माझ्याकडं भाकरी करते.

म्हणून तो बुधवारी आला. मला ठाऊक होतं, येणार. मी त्याला वाढलं, कारण जेवायला बसलेल्या माणसाला उठवायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत. त्यानं भाकरी रश्शात कुस्करली आणि मान खाली घालून जेवला. भाजलेल्या बाजूनं ओठ नीट मिटत नाही, तिथून रस्सा ओघळत होता, तो बाहीनं पुसत होता. खरं सांगते, तेवढा वेळ मला त्याची कीव आली. ताटात हात धुऊन तो उठला. म्हणाला, "आईचाच हाय." मग भाकरीच्या ओट्याकडं बघून तिला म्हणाला, "चल."

तिचे हात पिठात होते. ती म्हणाली, "न्हाय येत."

त्यानं तिची वेणी धरली आणि तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. फरशीच्या कडेवर, एकदा आणि परत. पिठात रक्त पडलं. पोरं उठली, बाकडी पडली, कुणी पुढं येईना. माझ्या हाताशी पातेलं होतं, भरलेलं, रटरटतं. माझे हात आपोआप पदराकडं गेले. त्यानं ते पाहिलं, आत्या. त्याची नजर पातेल्यावर गेली आणि त्यानं तिला झटक्यात ओढून आपल्यापुढं धरलं, ढालीसारखं. तुमच्याकडून तो एवढंच शिकला होता. रस्सा टाकला असता तर तिच्यावर गेला असता.

खलबत्त्याचा लोखंडी बत्ता शेजारीच होता. मी बाजूनं गेले आणि त्याच्या कोपरावर घातला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. वेणी सुटली. दुसरा खांद्यावर बसला, तो गुडघ्यावर आला, मग कुशीवर पडला. मी आणखी एक घातला, बरगडीत. मग पोरं धावली. त्यांनी त्याला नाही, मला धरलं. "मावशी, बस करा, मरंल तो!" एक बिहारचा पोरगा माझ्या मुठीतून बत्ता सोडवत होता आणि मला मूठ उघडता येत नव्हती.

चौकीत मला विचारलं, काय झालं. पातेलं कलंडलं, विळी लागली, असं सांगायला दोन शब्द पुरले असते. मी म्हणाले, "मी मारलं. बत्त्यानं. लिवा. आन् त्यानं हिचं डोकं आपटलं, तेबी लिवा. आन् ह्यो माजा हात बघा, ह्योबी त्यानंच तोडलाय कोयत्यानं, मागं. तवा कुणी लिवलं न्हवतं." सगळं लिहून घेतलं. केस त्याच्यावर आहे आणि माझ्यावरही. त्याचा हात प्लास्टरमध्ये आहे, दोन बरगड्या गेल्यात, जगेल. तिच्या डोक्याला टाके पडले, ती आत झोपली आहे. तिनं काल विचारलं, त्यांना दवाखान्यात डबा कोण देत असेल. मी म्हणाले, मला ठाऊक नाही. पोरगी बारामतीहून रोज फोन करते, खाणावळ बंद कर म्हणते. मी उद्यापासून उघडणार आहे. पोरं चार दिवस वडापाववर आहेत.

हे कुठं टाकायचं, कुणाच्या पत्त्यावर. घडी करून ठेवीन, नाहीतर सकाळी चुलीत जाईल. चौकीत मी सगळं खरं सांगितलं, एक सोडून. त्यांनी विचारलं होतं, तो खाली पडल्यावर परत का मारलंत. मी म्हणाले, भान नव्हतं. भान होतं. तो पडला होता, त्याचा हात सुटला होता, ती लांब झाली होती, सगळं मला लख्ख दिसत होतं. पाठीवरची ती जागा, तुम्ही उलथनं टेकवलेली, तेव्हा नुकती भाजल्यासारखी आग करत होती. तो शेवटचा टोला त्याला नव्हता, आत्या. तुम्हाला होता.